जीनोमिक्स-प्रोटिओमिक्ससाठी सरकारी अनुदान : पहिला प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी

पीएचडी झाली, एखाद्या महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालात, नॅकच्या फायली आणि परीक्षांच्या ड्युट्यांतून जरा डोकं वर काढलं की प्राचार्य विचारतात, ‘मॅडम, एखादा प्रोजेक्ट आणा ना.’ विषय जीनोमिक्स (सजीवाच्या संपूर्ण डीएनएचा, म्हणजे जीनोमचा अभ्यास) किंवा प्रोटिओमिक्स (त्याच्यातल्या प्रथिनांचा एकत्रित अभ्यास) असेल, तर बहुतेकांची पहिली उडी मशीनवर जाते. डीएनए वाचणारा सिक्वेन्सर घ्यायचा, प्रथिनं ओळखणारा-मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर घ्यायचा, विभागाच्या दारावर पाटी लावायची. असा प्रस्ताव पहिल्या चाळणीतच पडतो. कोट्यवधींचं यंत्र, त्याचा दरवर्षीचा देखभाल करार, चोवीस तास वातानुकूलन आणि ते चालवणारा पगारी माणूस यांचा भार नवख्या संशोधकाच्या खांद्यावर टाकायला कुठलीच समिती तयार नसते. पहिल्या प्रकल्पात पैसे मागायचे ते प्रश्नासाठी, नमुन्यांसाठी, माणसांसाठी आणि दुसऱ्याच्या यंत्रावर काम करून घेण्यासाठी. खालचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी स्वतःकडे बघा, मग दार निवडा

‘माझा विषय कुठल्या योजनेत बसतो?’ हा प्रश्न नंतरचा. आधी ‘मी कुठल्या योजनेत बसतो?’ हे पाहा. वय, नोकरीचा प्रकार, संस्थेचा प्रकार आणि पदवी या चार गोष्टींनी निम्मी दारं आपोआप बंद होतात. ती बंद आहेत हे जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

दिल्लीतल्या मुख्य यंत्रणा अशा. जैवतंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीबीटी, 1986 पासून आहे आणि आपल्या विषयाचं ते माहेरघर. पूर्वीचं ‘सर्ब’, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये, म्हणजे एएनआरएफमध्ये विलीन झालं आहे. त्याचा कायदा 2023 चा. पाच वर्षांत 50,000 कोटी असा आकडा जाहीर झाला, तेव्हा अनेकांनी मनात मांडे खाल्ले. पण त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग, देणगीदार वगैरेंकडून यायचे आहेत, हे विसरू नका. आरोग्याशी संबंध असेल तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. शिष्यवृत्त्या, महिला संशोधक आणि विभागाच्या पायाभूत सोयींसाठी डीएसटी, म्हणजे केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. तिथले प्रकल्प बहुधा विद्यापीठामार्फत जातात, त्यामुळे विद्यापीठाच्या संशोधन कक्षात ओळख ठेवा.

आता तुम्ही कोण, ते पाहू. नियमित पदावर नुकतेच लागला असाल तर एएनआरएफची पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट तुमच्यासाठी आहे. महाविद्यालयात किंवा राज्य विद्यापीठात शिकवत असाल आणि जवळ प्रयोगशाळा नसेल, तर एएनआरएफचीच ‘टेअर’ ही शिक्षकांसाठीची योजना बघा. त्यात तीन वर्षं दरवर्षी ठरावीक काळ मोठ्या संस्थेत जाऊन काम करायची सोय आहे. माझ्या मते मोफसल महाविद्यालयातल्या माणसासाठी याहून चांगली सुरुवात नाही. पैसे फार नसतात, पण यंत्राला हात लागतो आणि यजमान संस्थेतला माणूस पुढच्या मोठ्या प्रकल्पाचा भागीदार होतो.

पीएचडी आहे पण नोकरी नाही, अशांसाठी एएनआरएफची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, डीबीटीची एम. के. भान फेलोशिप आणि डीएसटीची इन्स्पायर फॅकल्टी. परदेशातून परतायचं असेल तर डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप. बोस्टन-म्युनिकला असलेल्या मराठी पोस्ट-डॉक मंडळींनी हे नाव लिहून ठेवावं. करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी डीबीटीची बायोकेअर आणि डीएसटीची वाइज-किरण. पदवी महाविद्यालयाच्या विभागाला प्रयोगशाळा उभी करायची असेल तर डीबीटीची स्टार कॉलेज योजना. पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात सारथी, बार्टी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांतून प्रयोगाचा खर्च निघत नाही, पण घर चालतं.

तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवणाऱ्यांना एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. बहुतेक प्रकल्प-योजनांत मुख्य संशोधक नियमित पदावर असावा लागतो. वर्षानुवर्षं सीएचबीवर राबणाऱ्या, उत्तम पीएचडी असलेल्या माणसांना ही अट सरळ बाहेर ठेवते, आणि ती अन्यायकारक आहे असंच माझं मत आहे. तूर्त मार्ग दोनच : फेलोशिप, किंवा नियमित पदावरच्या सहकाऱ्याबरोबर सह-संशोधक म्हणून नाव, तेही योजनेच्या नियमांत बसत असेल तर.

खासगी संस्थेत असाल तर संस्थेकडे डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) ‘सिरो’, म्हणजे संशोधन संस्था असल्याची, मान्यता आहे का, हे कार्यालयात विचारा. ती नसेल किंवा मुदत संपलेली असेल, तर प्रस्ताव कितीही चांगला असला तरी परत येतो.

प्रश्न घडवा

इथे जरा थांबू, कारण खरी मेख इथेच आहे.

समजा तुम्ही गडचिरोली किंवा चंद्रपूरच्या बाजूला आहात आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर काम करायचं आहे. विषय सरकारच्या प्राधान्यात बसतो. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं आणि त्याचं लक्ष्य 2047 आहे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेचं, म्हणजे आयसीएमआरच्या एनआयआयएचचं, एक केंद्र खुद्द चंद्रपुरात आहे. तुम्ही उत्साहाने शीर्षक लिहिता : ‘विदर्भातील सिकलसेल रुग्णांचे संपूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग’.

हा प्रश्न नाही, ही नुसती कृती आहे. सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनच्या एका भागाच्या) जनुकात नेमका कोणता बदल होतो, ते जगाला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. त्यामुळे त्या प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. मग जीनोम वाचून काय शोधणार? तज्ज्ञ समितीत पहिला प्रश्न हाच येईल.

आता तोच विषय असा मांडा. दोन मुलं, दोघांनाही सिकलसेल, म्युटेशन (जनुकातला बदल) तेच. एक दर दोन महिन्यांनी वेदनांचा झटका येऊन दवाखान्यात भरती होतं, दुसरं सायकलवर शाळेत जातं. फरक कशाने? काही भाग माहीत आहे. ज्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, जास्त टिकून राहतं, त्यांचा आजार सौम्य असतो. भारतात मुख्यतः अरब-इंडियन हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा जनुकीय फरकांचा संच) आढळतो आणि त्यात एचबीएफ तुलनेने जास्त असतं. जीनोममधल्या बीसीएल11ए आणि एचबीएस1एल-एमवायबी या ठिकाणचे जनुकीय फरकही त्यावर परिणाम करतात. पण एचबीएफ जवळपास सारखं असलेल्या रुग्णांतही आजाराची तीव्रता वेगळी का? आणि झटक्यात असताना प्लाझ्मातली, म्हणजे पेशी काढून उरणाऱ्या रक्तद्रवातली, ठरावीक प्रथिनं बदलतात का? हा झाला प्रश्न. याला होय-नाही असं उत्तर असू शकतं, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी ते छापण्याजोगं असतं.

इथेच जीनोमिक्स आणि प्रोटिओमिक्सच्या आखणीतला फरक कळतो. माणसाचा जीनोम आज घ्या, दहा वर्षांनी घ्या, तोच असतो. नमुना एकदाच पुरतो. प्रथिनं मात्र तासातासाला बदलतात. त्यामुळे त्याच रुग्णाचं रक्त बरं असताना एकदा आणि झटक्यात एकदा घ्यावं लागतं. म्हणजे रात्री-अपरात्री ग्रामीण रुग्णालयात रक्त घेणारा, ते वेळेत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणारा आणि प्लाझ्मा उणे 80 अंशांत ठेवणारा माणूस हवा. रक्त घेतल्यापासून ते फिरवेपर्यंत एका नमुन्याला अर्धा तास आणि दुसऱ्याला पाच तास लागले, तर तुम्ही रोग मोजत नाही, उशीर मोजता. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी तशाही फुटत असतात, त्यामुळे प्लाझ्मात मोकळं हिमोग्लोबिन असतंच. नमुना हलगर्जीने हाताळला तर त्यात भर पडते आणि खरं काय, चुकीचं काय हे कळेनासं होतं. शिवाय प्लाझ्मातल्या एकूण प्रथिनांत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. तो काढला नाही तर कमी प्रमाणातली, म्हणजे तुमच्या कामाची, प्रथिनं त्याखाली दडून राहतात. प्रस्तावात याबद्दल दोन परिच्छेद असले की परीक्षकाला लगेच कळतं, या माणसाने काम केलेलं आहे किंवा निदान करणाऱ्याला गाठून नीट विचारलेलं आहे. वीज गेली तर फ्रीझरचं काय, हेही लिहा. त्याला कोणी हसत नाही.

आधीच असलेला डेटा तपासा

‘निरोगी लोकांचे 200 जीनोम वाचणार’ असं लिहिण्याआधी ते कोणी वाचून ठेवलेत का, ते बघा. डीबीटीच्या पैशांवर झालेल्या जीनोमइंडिया प्रकल्पात 20 संस्थांनी मिळून देशभरातल्या 10,000 लोकांचे संपूर्ण जीनोम वाचले. हा डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे आणि 9 जानेवारी 2025 ला तो संशोधकांसाठी खुला झाला. खुला म्हणजे बटण दाबून उतरवता येणारा नव्हे. अर्ज करायचा, कशासाठी हवा ते सांगायचं आणि अटी मान्य करायच्या. त्याआधी सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) इंडिजेन प्रकल्पाने हजाराहून थोडे अधिक जीनोम वाचले होते. प्रथिनांच्या बाजूला बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सचा सहभाग असलेला मानवी प्रोटिओमचा कच्चा नकाशा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, तोही बघावा.

याचा फायदा दुहेरी आहे. तुलनेसाठीचा गट फुकट मिळतो, आणि पूर्ण जीनोमऐवजी एक्झोम (जीनोममधला प्रथिनं घडवणारा भाग) किंवा ठरावीक जागांवरचे फरक तपासणारं जीनोटायपिंग पुरेल असं दाखवता येतं. नुसत्या उपलब्ध डेटावरचा छोटा प्रकल्प ही तर गरीब महाविद्यालयासाठी पर्वणीच. रसायनं नकोत, फ्रीझर नको. पुण्यात सी-डॅककडे जैवमाहितीशास्त्रासाठी महासंगणनाची सोय आहे आणि आयसर पुण्यात परम ब्रह्म हा महासंगणक आहे. लिनक्स येणारा एक विद्यार्थी मिळाला की काम सुरू होतं.

यंत्र दुसऱ्याचं, पत्र आपल्या हातात

महाराष्ट्रात राहून यंत्रं दूर आहेत अशी तक्रार करायला जागा नाही. आयआयटी मुंबईत डीबीटीच्या मदतीने उभं राहिलेलं मास स्पेक्ट्रोमेट्री केंद्र आहे, शिवाय तिथलं जुनं सैफ हे सामायिक उपकरण केंद्र. पुण्यात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अॅक्ट्रेक. देशभर कुठे कुठलं उपकरण बाहेरच्यांना वापरायला मिळतं, ते आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर सापडतं.

फोनवर ‘हो सर, करून देऊ’ असं ऐकून समाधान मानू नका. लेखी पत्र घ्या. त्यात दर नमुन्यामागे किती पैसे, नमुना कुठल्या स्थितीत पोचवायचा, निकाल किती दिवसांत आणि कच्ची फाइल देणार की नुसता तक्ता, एवढं असू द्या. कच्ची फाइल नाही मिळाली तर पुढे शोधनिबंध अडतो. नियतकालिकं ती सार्वजनिक संग्रहात ठेवायला सांगतात.

भागीदार निवडताना मोठ्या नावाच्या मागे लागू नका. ज्याचे आधीच सात प्रकल्प चालू आहेत, त्याच्या यंत्रावर तुमचे नमुने रांगेत मागे पडतात. सह-संशोधकांत एक डॉक्टर हवा जो खरोखर ते रुग्ण तपासतो, आणि एक संख्याशास्त्र जाणणारा. मोठे प्रकल्पही असेच उभे राहतात. गाल आणि हिरडीच्या कर्करोगावरचा आंतरराष्ट्रीय प्रकल्पातला भारताचा वाटा डीबीटीच्या पैशांवर कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेने आणि अॅक्ट्रेकने मिळून उचलला. 2013 साली छापून आलेल्या त्या कामात आधी 50 रुग्णांचे एक्झोम वाचले आणि सापडलेले बदल आणखी 60 रुग्णांत पडताळले. थोडक्यांत शोधायचं, वेगळ्यांत पडताळायचं, हा सांगाडा तुमच्या छोट्या प्रकल्पालाही चालतो. एवढ्या नमुन्यांत फरक दिसेल का, याचं गणित मात्र सादर करण्याआधीच करून प्रस्तावात घाला.

परवानग्या

माणसाचा नमुना म्हटलं की नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते, आणि ती समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. तुमच्या महाविद्यालयात नसेल तर सहकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे जा. तिची बैठक दर महिन्याला होईलच असं नाही, म्हणून प्रस्तावाबरोबरच अर्ज टाका. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचलीच पाहिजेत. लहान मुलांचे नमुने असतील तर पालकांची संमती तर लागतेच, पण 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी अनुमतीही लागते.

संमतीपत्र माणसाला कळेल अशा भाषेत लिहा. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या आईसमोर विद्यापीठी मराठीतलं पत्र वाचून दाखवणं म्हणजे निव्वळ सोपस्कार. रक्त पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, डेटा सरकारी केंद्रात जाणार का, बाजूला दुसराच आजार सापडला तर सांगणार का, या तिन्हींसाठी वेगवेगळे होय-नाही ठेवा. आणि कोण सिकलसेलचा वाहक आहे ही माहिती गावात फुटली तर एखाद्या मुलीचं लग्न मोडू शकतं, हे लक्षात घेऊन नावाऐवजी सांकेतिक क्रमांक कसे वापरणार, तेही लिहा.

बाकीचं थोडक्यात. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता, जनुकीय फेरफार केलेले जीव असतील तर संस्थेची जैवसुरक्षा समिती, प्राणी असतील तर प्राणी-नीतिशास्त्र समिती. वनस्पती-प्राण्यांच्या वाणांवर परदेशी संस्थेबरोबर काम असेल तर जैवविविधता कायदा पाहा. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरात आहे.

अंदाजपत्रक

आकडेमोड करू. समजा एकूण मागणी 30 लाख, मुदत तीन वर्षं. नेट किंवा गेट उत्तीर्ण जेआरएफला (कनिष्ठ संशोधन अधिछात्राला) 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्र) झाल्यावर 42,000. पहिली दोन वर्षं 8,88,000, तिसरं वर्ष 5,04,000, एकूण 13,92,000. लहान गावाच्या दराने 10 टक्के घरभाडे भत्ता धरला की आकडा 15 लाखांच्या पुढे. निम्मे पैसे एका माणसात गेले. हे आधी मांडा, मग उरलेल्यात नमुने किती बसतात ते ठरवा. नवखे लोक उलट करतात आणि मग माणूस कापतात. माणूस कापला की काम तुमच्यावर आणि तुम्हाला आठवड्याला सोळा तासिका.

मास स्पेक्ट्रोमीटरचा वेळ : 40 रुग्ण, प्रत्येकी दोन वेळा, म्हणजे 80 नमुने. एका नमुन्याची धाव दीड तासाची, मधली धुलाई-भरणी अर्धा तास. झाले 160 तास. दर दहा नमुन्यांमागे एक गुणवत्ता-तपासणीची धाव धरा, आणखी 16 तास. एकूण 176 तास, म्हणजे यंत्र सात दिवसांहून जास्त अखंड तुमचंच. असा तक्ता अंदाजपत्रकाच्या समर्थनात दिला की ‘एवढे पैसे कशाला?’ हा प्रश्न उठत नाही. नमुने कुठल्या क्रमाने लावणार तेही ठरवा. सगळे बरे असतानाचे सोमवारी आणि सगळे झटक्यातले गुरुवारी लावले, तर फरक यंत्राचा की रुग्णांचा हे कधीच कळणार नाही.

साठवण : 30 पट वाचनाचा, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी 30 वेळा वाचलेला, एक मानवी जीनोम कच्च्या आणि प्रक्रिया केलेल्या फायली मिळून सहज 100 जीबी खातो. 50 जीनोम म्हणजे 5 टीबी, दोन प्रती ठेवल्या तर 10. हार्ड डिस्कचे पैसे मागायला लाजू नका.

कर : संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारी 5 टक्के जीएसटीची सवलत 18 जुलै 2022 पासून गेली. सिक्वेन्सिंगच्या सेवेवर 18 टक्के धरा. कोटेशनवर 5 लाख दिसले तरी द्यायचे 5,90,000. कोटेशन मागतानाच ‘करासहित’ असं लिहून मागा आणि दराची मुदत किती, ते पाहा, कारण मंजुरी यायला वर्षही लागू शकतं. आयात रसायनांच्या बाबतीत तर कशाचाच भरवसा नाही. 2024 च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं सीमाशुल्क 10 वरून 150 टक्क्यांवर गेलं होतं. ओरड झाली आणि ते मागे घेतलं गेलं. उपभोग्य वस्तूंच्या शीर्षात थोडी ऐसपैस रक्कम ठेवायची ती यासाठी.

प्रवासखर्चात परिषदेआधी नमुने गोळा करायच्या फेऱ्या आणि कोरडा बर्फ धरा. छोटं सेंट्रिफ्यूज, उणे 80 चा फ्रीझर, त्याला स्टॅबिलायझर एवढी उपकरणं बिनदिक्कत मागा. ती सहसा नाकारली जात नाहीत.

लिहिणं आणि सादर करणं

डीबीटीचे प्रस्ताव ई-प्रोमिस या पोर्टलवर जातात, एएनआरएफ आणि आयसीएमआरची आपापली पोर्टलं आहेत. जाहिरात आली की ती दोनदा वाचा, आणि विशेषतः ‘या आवाहनात काय बसत नाही’ हा भाग. आवाहन शेतीचं आणि प्रस्ताव माणसाचा, असे अर्ज दर वेळी येतात.

सारांश शेवटी लिहा पण सगळ्यात जास्त वेळ त्याला द्या. अनेक परीक्षक त्यावरच मत बनवतात. उद्दिष्टं तीनपेक्षा जास्त नकोत. दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर अवलंबून असेल तर पहिलं फसल्यावर काय करणार, ते लिहा. प्राथमिक निष्कर्ष नसतील तर निदान वीस रुग्णांची एचबीएफची नोंद, त्या रुग्णालयात वर्षाला किती रुग्ण येतात याचं पत्र, असं काहीतरी हाती असू द्या. ‘एआय’, ‘प्रिसिजन मेडिसिन’, ‘मल्टी-ओमिक्स’ हे शब्द भाजीत कोथिंबीर पेरावी तसे पेरले जातात. ज्याचा खर्च अंदाजपत्रकात नाही, तो शब्द मजकुरातही नको.

संस्थाप्रमुखाच्या सहीचं समर्थनपत्र, सह-संशोधकांच्या सह्या, सिरोचं प्रमाणपत्र ही कागदं आठवडाभर आधी जमवा. शेवटच्या दिवशी प्राचार्य सिनेटच्या बैठकीला गेलेले असतात आणि पोर्टल रडत असतं.

सादरीकरण आणि नकार

छाननीतून पार पडलात तर समितीपुढे बोलावतात, बहुधा ऑनलाइन, बहुधा मोजक्या मिनिटांसाठी. रोगाची ओळख करून देण्यात पाच स्लाइड घालवू नका. समोर बसलेल्यांना तो माहीत असतो. प्रश्न, नमुने, पद्धत, फसलं तर काय, खर्च. ‘अमुक नमुना तुम्हाला मिळेलच कशावरून?’ याला डॉक्टर सह-संशोधकाने उत्तर दिलं तर उत्तम. समितीने नमुने कमी करा किंवा खर्च कापा असं सांगितलं, तर तिथल्या तिथे ‘हो’ म्हणण्याआधी गणित बिघडत नाही ना, ते बघा. 40 चे 15 केले तर काहीच सिद्ध होणार नसेल, तसं नम्रपणे सांगा.

नकार आला तर शेरे जपून ठेवा. दोन-तीन ओळींचे, कधीकधी रागावलेले वाटणारे ते शेरेच पुढच्या अर्जाचा आराखडा असतो. तोच प्रस्ताव तसाच्या तसा दुसऱ्या यंत्रणेकडे धाडू नका. परीक्षकांचं वर्तुळ लहान आहे.

मंजुरी आल्यावर

मंजुरीपत्र आलं की पेढे वाटा आणि दुसऱ्या दिवशी लेखा विभागात जा. पैसे आता पूर्वीसारखे एकरकमी खात्यात येऊन पडत नाहीत. पीएफएमएसशी (केंद्राच्या निधी-देखरेख प्रणालीशी) जोडलेलं, योजनेनुसार वेगळं खातं लागतं आणि काही योजनांत तर खर्च करायच्या वेळीच मर्यादा खुली होते. तुमच्या लिपिकाला हे नवीन असेल तर विद्यापीठातल्या जाणत्या लिपिकाशी त्याची गाठ घालून द्या. प्रकल्प वेळेत चालणं जेवढं तुमच्यावर अवलंबून आहे तेवढंच त्याच्यावर.

खरेदीचे नियम संस्थेगणिक बदलतात. केंद्राने जून 2025 मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी मर्यादा वाढवल्या. कोटेशनशिवाय थेट खरेदी 1 लाखावरून 2 लाखांपर्यंत, खरेदी समितीमार्फत 25 लाखांपर्यंत. राज्य विद्यापीठात आणि अनुदानित महाविद्यालयात मात्र स्वतःची खरेदी नियमावली असते. कुठली लागू, ते लेखापालाकडून लेखी घ्या, नाहीतर तीन वर्षांनी लेखापरीक्षक विचारतो तेव्हा उत्तर देणारा माणूस बदलून गेलेला असतो.

जेआरएफची जाहिरात पहिल्या महिन्यातच काढा. गावात उमेदवार मिळायला वेळ लागतो, आणि मिळालेला माणूस चांगली शिष्यवृत्ती लागली की जातो. म्हणून नमुने घ्यायची पद्धत पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

31 मार्चला खर्चाचं विवरण आणि जीएफआरच्या (केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांच्या) 12-ए या नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र तयार व्हायला हवं. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो आणि जेआरएफचा पगार थकतो. एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वळवायचे असतील तर आधी परवानगी, मग खर्च. फेब्रुवारीत उरलेले पैसे संपवण्यासाठी किटा घेऊन फ्रीझरमध्ये ठेवण्याची रीत सगळीकडे आहे. त्या किटांची मुदत नमुने यायच्या आधी संपते, हेही सगळीकडे घडतं.

शोधनिबंधात मंजुरी क्रमांकासह यंत्रणेचा उल्लेख करा आणि डेटा कधी, कुठे जमा करायचा ते मंजुरीपत्रात पाहा. सरकारी पैशांतून तयार झालेला जैविक डेटा फरिदाबादच्या केंद्रात यावा, अशी डीबीटीची 2021 ची बायोटेक-प्राइड मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. प्रकल्प संपला की उरलेली रक्कम परत जाते आणि अनुदानावर खात्यात साठलेलं व्याजही केंद्राच्या तिजोरीत भरावं लागतं. ते संस्थेचं नसतं, यावरून बँकेचं पासबुक आणि लेखा विभाग यांच्यात हमखास वाद होतो. म्हणून व्याजाची नोंद दर तिमाहीला स्वतःच्या वहीत करून ठेवा.